डाव्या बाहीचं ठिगळ

सळ्यांचा भारा हवेत असतानाच खिशातला फोन थरथरला, आणि हा आजचा तिसरा इशारा, एवढंच तिच्या मनात आलं. भारा दोन टनांचा. तो जमिनीपासून तीसेक मीटरांवर, आणि ती त्याच्याही वर, क्रेनच्या केबिनमध्ये, तिन्ही बाजूंनी काच असलेल्या डब्यात. पडद्यावर अठ्ठावन्न हा आकडा आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण. उजवा हात दांड्यावर होता तो तसाच राहिला. डावा आपणहून वरच्या खिशात गेला आणि संत्र्याच्या चवीच्या गोळ्या तोंडात येऊन पडल्यासुद्धा. याला विचार लागत नव्हता. नवव्या वर्षी तिला हा मधुमेह जडला, आता ती त्रेचाळीस वर्षांची होती. "आधी तोंडात टाक, मग विचार कर," हे आईचं वाक्य मधल्या काळात इतक्या वेळा ऐकून झालं होतं की आई जाऊन सहा वर्षं झाली तरी ते हाताला पाठ होतं. वॉकीटॉकीवर खालून शिट्टीचा आवाज आला. शिट्टी म्हणजे जमिनीवरून तिला खुणा सांगणारा जोडीदार. वॉकीटॉकी यायच्या आधी तो खरोखरच शिट्ट्या मारून क्रेन चालवून घ्यायचा, तेव्हापासून हे नाव त्याला चिकटलेलं.

"ताई, का थांबलात?"

"वारा आहे."

"वारा? इथे तर सिमेंटची धूळ हलत नाहीये."

"वर आहे."

"बरं. वर असेल."

वर वारा नव्हता. क्रेनवरच्या अकरा वर्षांत तिने असा नसलेला वारा किती वेळा आणला, त्याची मोजदाद नव्हती. गोळ्या विरघळेपर्यंत भारा झुलू न देता धरून ठेवायचा, आकडा चढायची वाट बघायची, आणि मग वारा पडला म्हणून सांगायचं. आकड्याकडे बघताना तिला चमत्कारिक वाटत होतं. हातांना कंप नव्हता, कपाळावर घाम नव्हता, ओठांना मुंग्या नव्हत्या. पूर्वी साखर उतरली की सगळं शरीर तिला हाका मारायचं. छाती धडधडायची, अक्षरं जागेवरून हलायची, आणि आई तर तिच्या मानेच्या मागे नुसता हात लावून सांगायची, गार पडलीस, खा. पण गेल्या दोन वर्षांत त्या हाका हळूहळू बंद झाल्या होत्या. एकदा स्वयंपाकघरात ती चांगली उभी असताना नवऱ्याने तिला काहीतरी विचारलं आणि तिने उत्तर म्हणून हातातली पळी त्याला दिली, पुन्हा दिली, तिसऱ्यांदा दिली. साखर बेचाळीस होती आणि तिला काडीचीही खबर नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचं शरीर ओरडून ओरडून दमलंय, आता त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी ओरडायला हवं. मग ते यंत्र आलं. शर्टाच्या मोठ्या बटणाएवढं, डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायचं. त्याच्या पोटातून केसासारखी एक तार कातडीखाली जाते आणि तिथल्या पाण्यातली साखर दर मिनिटाला फोनवर धाडते. दर पंधरा दिवसांनी रविवारी नवरा ते बदलून द्यायचा, भिंतीत खिळा ठोकताना करतो तसा एक डोळा मिटून. हे लावलं तरच वर चढायचं, अशी कामावरची अट होती आणि ती तिने आनंदाने मान्य केली होती. आनंद महिनाभर टिकला. मग तिला जाणवायला लागलं की आपल्याविषयीच्या बातम्या आपल्याला बाहेरून कळताहेत. जेवल्यावर आपण चढलो, जिन्यावर आपण उतरलो, हे आधी फोनला ठाऊक, मग तिला. आपल्याच घरात भाड्याने राहिल्यासारखं वाटायचं. आणि आता तर घरमालक दिवसातून तीन-तीनदा दार वाजवत होता.

सळ्या उतरवून ती शिडीने खाली आली तेव्हा सेफ्टीसाहेब पायथ्याशीच उभे होते. तिच्या फोनवरचा प्रत्येक इशारा त्यांच्याही फोनवर जायचा, तीही अटच. साहेब तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, मनाने चांगले, आणि चांगली माणसं घाबरतात तसे घाबरलेले.

"या आठवड्यात अकरा झाले, मॅडम."

"खाल्लं मी लगेच. दहा मिनिटांत ठीक झाले."

"दर वेळी ठीक होता, मान्य. पण पहिल्या महिन्यात एकही नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी आपण क्रेन चार टप्पे वर चढवली आणि तेव्हापासून हे सुरू झालं. मला वाटतं उंची मानवत नाहीये तुम्हाला." ते जरा थांबले. "उद्या दहाला ऑफिसात या. स्टोअरमध्ये खुर्ची रिकामी आहे. मान कमी होणार नाही तुमचा."

मान कमी होणार नाही असं कुणी म्हटलं की तो कमी करायचं ठरलेलं असतं, एवढं तिला कळत होतं. चार दिवसांनी छताची शेवटची कैची चढायची होती, अठरा मीटर लांबीचा लोखंडी सांगाडा, आणि गेली दोन वर्षं ही इमारत तिने एकेक तुकडा उचलून उभी केली होती. शेवटचा तुकडा दुसरा कुणीतरी लावणार आणि ती खाली बसून हातमोजे वाटणार. घरी जाताना बसच्या खिडकीत तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि उगाचच शाळेतला फोटो आठवला. चौथीचा वर्ग, तीन रांगा, फोटोवाला काळ्या फडक्याखाली शिरलेला, आणि कुंपणाबाहेरून बघत असलेल्या आईने काय ओळखलं कोण जाणे, ती सरळ आत आली, फोटोवाल्याला "थांबा जरा" म्हणाली, पन्नास मुलांच्या आणि मुख्याध्यापकांच्या देखत रांगेत घुसून तिच्या तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा कोंबून गेली. सगळे थांबले. कुणीतरी हसलं. फोटोत ती आहे, दुसऱ्या रांगेत, एक गाल फुगलेला. तो फोटो तिने आयुष्यात कुणाला दाखवला नाही. सगळ्यांना आपल्यासाठी थांबावं लागण्यासारखी दुसरी शरम नाही, हे ती त्या दिवशी शिकली. वाऱ्याची युक्ती तिथूनच आली असावी. आणि आता उंची. उंची मानवत नाही हे तिला मनातल्या मनात खोटं वाटत होतं, पण मनाची साक्ष काढायची सोय राहिली नव्हती. मनाला साखर बेचाळीस झालेलीही कळली नव्हती.

सासूबाईंनी तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले होते. आता डोळे अधू झाले होते, पण सुईत दोरा त्या अजूनही स्वतःच ओवायच्या, आणि कुणी मदत केली तर रागवायच्या. ती आत आली तेव्हा त्यांनी तिचं जाड जॅकेट मांडीवर घेतलेलं होतं.

"काय गं, तू एकाच बाजूने झिजतेस का?"

"म्हणजे?"

"तीन आठवड्यांतलं हे तिसरं ठिगळ. दर वेळी डावीच बाही, दर वेळी मागून. उजवी बघ, नवी कोरी. कशाला घासतेस एवढी?"

"खिडकीच्या चौकटीला टेकते. माल उतरवायची नवी जागा डावीकडे खालच्या अंगाला आलीय. टेकल्याशिवाय हूक दिसत नाही."

"अंगात घाल बघू. मापात बसतंय का बघते."

तिने जॅकेट घातलं. सासूबाईंनी तिला दिव्याखाली वळवलं, खडूने एक रेघ मारली, ठिगळ बाहीवर ठेवून अंगठ्याने दाबलं, आणि मग तो अंगठा तिथेच थांबला. "इथे तर तुझं ते बटण आहे," त्या म्हणाल्या. तोंडात दोन टाचण्या धरून म्हणाल्या, सहज, कापडात गाठ लागली तर म्हणतील तसं. ती दिव्याखाली उभी राहिली. तीन आठवडे. क्रेन चढवली तेव्हा सगळंच बदललं होतं: पूर्वी माल उजवीकडे उतरायचा आणि सरळ बसून दिसायचा, आता डावीकडे, थेट पायांखाली, आणि प्रत्येक भाऱ्याला ती दहा-पंधरा मिनिटं डाव्या दंडावर सगळं अंग टाकून काचेतून खाली बघत बसायची. दंडाच्या मागच्या बाजूला लोखंडी चौकट. चौकट आणि हाड यांच्यामध्ये ते बटण. तिने जाऊन यंत्राच्या खोक्यातला सात घड्यांचा कागद काढला, जो घरात कुणीही कधी वाचला नव्हता, आणि चौथ्या घडीत मुंगीच्या अक्षरात एक ओळ सापडली, की यंत्रावर बराच वेळ दाब पडला तर आकडा असेल त्याहून कमी दिसू शकतो. म्हणजे साखर उतरतच नसेल. दाबाने तेवढ्या जागेपुरता आकडा उतरत असेल. मग तिला हसू फुटणार होतं ते फुटलं नाही, कारण पुढचा विचार आला: हे आपल्याला इतके दिवस कळलं कसं नाही. बोटाला टोचून रक्त तपासायचं जुनं यंत्र तर केबिनमध्ये कायम असायचं, ती दर वेळी तपासायचीही. पण गोळ्या खाल्ल्यावर. आधी तोंडात टाक, मग विचार कर. बोट टोचेपर्यंत दहा मिनिटं गेलेली, गोळ्या रक्तात पोचलेल्या, आकडा चांगला, आणि ती खूश, की चला, वेळेवर खाल्लं. जिने तिला चौतीस वर्षं जिवंत ठेवलं त्या सवयीनेच नेमकी ही एक गोष्ट दर वेळी झाकून टाकली होती. खरं काय ते बघायचं तर फोनवर अठ्ठावन्न दिसत असताना काहीही न खाता बोट पुढे करावं लागणार होतं. नुसत्या कल्पनेने तिच्या तळहाताला घाम आला, आणि गंमत म्हणजे तो घाम तिला जाणवला.

सकाळी ऑफिसात साहेबांच्या टेबलावर टाइप केलेला कागद पालथा ठेवलेला होता, बहुधा तिच्या बदलीचा. शिट्टी दारात उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण तो आला होता. तिने सात घड्यांचा कागद पुढे केला. साहेबांनी ती ओळ वाचली, परत वाचली.

"कागदावर बरंच काही लिहिलेलं असतं, मॅडम. कमी दिसू शकतो म्हणजे तुमच्या बाबतीत तसंच झालं असं नाही."

"बरोबर आहे. मला वीस मिनिटं द्या."

"कशाला?"

"टेकायला."

तिने स्टूल ओढलं, कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाच्या कडेला डावा दंड लावला आणि खालचा हूक बघायचा असावा तशी सगळं अंग टाकून बसली. फोन टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा. शेजारी बोट टोचायचं यंत्र, आणि त्याच्या शेजारी गोळ्यांची डबी, झाकण उघडून. एकशे चार. साहेबांनी पंखा कमी केला, मग वाढवला. शिट्टीने पावसाच्या जुन्या पत्र्याविषयी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. सत्त्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. कपाटाची कड दंडात रुतत होती आणि तिला वाटत होतं, की आपण इथे बसून एका लबाडाला रंगेहाथ पकडायची वाट बघतोय, पण तो लबाड यंत्र आहे की आपणच, हे अजून ठरायचंय. ती आत कान लावून बसली. आत काही ऐकू येत नव्हतं. हृदय चालू होतं, पोटात सकाळचा चहा होता, बस. हीच तर शांतता पळी देतानाही होती. समजा, या क्षणी खरंच उतरत असेल तर? समजा, चौकट, कपाट, ठिगळ, हे सगळं आपण आपल्या सोयीने शिवलं असेल तर? एकोणऐंशी. एकाहत्तर. पासष्ट, आणि फोन वाजला. त्याबरोबर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला साहेबांचाही वाजला आणि ते खुर्चीतून अर्धे उठले. तिचा हात डबीकडे निघाला होता. तो निघालेला तिने पाहिला, आपला नसल्यासारखा. आणि त्याच वेळी मानेच्या मागे तिला तो जुना हात अगदी स्पष्ट जाणवला, गार पडलीस, खा. आई, तिने मनात म्हटलं, दहाच सेकंद. फक्त दहा सेकंद थांब. आजवर जगाला तू माझ्यासाठी थांबवलंस, आज एकदा तू थांब.

"मॅडम, खा आधी," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "मी कागद फाडतो, पण आधी खा."

"बसा, साहेब."

तिने बोट ओल्या कापसाने पुसलं, कोरडं केलं, टोचलं. थेंब आला, गोल, लाल, नेहमीसारखा. पट्टीने तो ओढून घेतला. यंत्र उलटे आकडे मोजायला लागलं, पाच, चार, तीन, आणि या पाच सेकंदांत तिच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटत नाहीये, उत्सुकता वाटतेय. स्वतःविषयीची अशी उत्सुकता लहानपणानंतर पहिल्यांदाच. फोनवर एकसष्ट होतं. यंत्रावर आकडा उमटला: एकशे आठ.

तिने दुसरं बोट टोचलं. एकशे सहा. मग तिने दंड कपाटापासून सोडवला, चोळला, आणि तिघेही फोनकडे बघत बसले. काही न खाता, काही न करता आकडा बारा मिनिटांत एकसष्टवरून अठ्ठ्याण्णववर चढला, गुपचूप, लपून बसलेलं मूल पडद्याआडून बाहेर यावं तसा.

"मग उंचीचं काय?" साहेबांनी विचारलं.

"उंची आहे तेवढीच आहे."

शिट्टी मोठ्याने हसला. साहेबही हसले, आणि हसता हसता त्यांनी पालथा कागद उचलून फाडला. मग घाबरट माणसाच्या चिकाटीने त्यांनी वही काढली. यंत्र यापुढे उजव्या दंडावर, चौकटीपासून लांब. चौकटीला स्पंजची गादी. आणि यंत्र खरं बोलत असेल तेव्हा, मॅडम? ती म्हणाली, तेव्हा भारा टेकवीन, खाईन, पंधरा मिनिटं थांबेन. "आणि वारा आहे म्हणून सांगणार नाही," हे तिने ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. साहेबांना अर्थ लागला नाही. शिट्टी दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाला, "ताईंचा वारा मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. मी खाली घड्याळ लावून बसतो." अकरा वर्षं ती वर एकटी लपून बसली होती आणि अकरा वर्षं खाली एक माणूस घड्याळ लावून तिच्याबरोबर थांबत होता.

चौथ्या दिवशी सकाळी शेवटची कैची उचलायची होती. साहेबांनी फोटोवाला बोलावला होता, सगळे कामगार धुतलेले कपडे घालून आले होते, सत्तरेक जण, वरून बघताना पिवळ्या टोप्यांची मांडणी. सासूबाईंनी ठिगळ पक्कं केलं होतं, दुहेरी टाक्यांनी, आणि आता त्याखाली नुसता दंड होता. तिने कैची जमिनीवरून हातभर उचलली, झोके थांबायची वाट बघितली, आणि फोन थरथरला. अडुसष्ट, बाण खाली. ती टेकलेली नव्हती. यंत्र उजव्या दंडावर मोकळं होतं. म्हणजे हा खरा. तिने कैची अलगद परत लाकडी ओंडक्यांवर टेकवली, आणि हात खिशात गेला, आणि या वेळी तिने त्याला जाऊ दिलं. आधी तोंडात, मग विचार. आई बरोबर होती. आई जवळजवळ नेहमीच बरोबर होती. मग तिने वॉकीटॉकी तोंडाजवळ धरली आणि गालात गोळ्या असतानाच म्हणाली, प्रत्येक शब्द सुटा:

"शिट्टी, माझी साखर उतरतेय. खाल्लंय मी. पंधरा मिनिटं थांबा सगळे."

खालून त्याचा आवाज आला, "थांबलो, ताई," आणि पाठोपाठ त्याची जुनी शिट्टी, लांब, दोनदा. वॉकीटॉकीतून नव्हे, सरळ हवेतून ती वर आली. पिवळ्या टोप्या हलल्या, पांगल्या, विटांच्या ढिगांवर, पाइपांवर, सावलीत जाऊन बसल्या. कुणीतरी चहाची किटली फिरवली. फोटोवाला घड्याळ दाखवून साहेबांशी काहीतरी बोलत होता आणि साहेब मान हलवत होते, नाही म्हणून. सत्तर माणसं, अठरा मीटर लोखंड आणि एक अर्धवट छत तिच्यासाठी थांबलं होतं, आणि वर तिला शरम शोधूनही सापडेना. कुठे गेली असेल ती, म्हणून तिने अगदी नेटाने शोधली. तिच्या जागी काहीतरी मोठं, मोकळं, हसू येईल असं भरलं होतं, आणि ते साखरेचं नव्हतं. पंधरा मिनिटांनी सत्त्याण्णव, बाण वर. तिने बोट टोचून खात्री केली, दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चला." कैची उठली. एवढी लांब कैची, पण इमारतीच्या कडेकडेने इतकी सरळ वर आली की खालचे लोक बोलायचे थांबले. तिने ती फिरवली, छतावर आणली, बोटभर मागे, बोटभर डावीकडे, आणि दोन्ही टोकं आपापल्या खाचांत एकदम बसली. तो आवाज तिला केबिनमध्येही ऐकू आला.

ती खाली उतरली तेव्हा रांगा लागल्या होत्या, तीन, आणि दुसऱ्या रांगेत मधोमध शिट्टीने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. ती जाऊन उभी राहिली. साखर एकशे बारा होती. गोळीची काही गरज नव्हती. फोटोवाला कॅमेऱ्यामागे वाकला तसा तिने हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थांबा जरा." सगळे थांबले. तिने खिशातून एक गोळी काढली, सावकाश तोंडात टाकली, डाव्या गालात नीट फुगवून धरली आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

"हं," ती म्हणाली, "घ्या आता."